कुंपणावरचं लुगडं

पेटी उघडून बुधीफुई आत बघत राहिली, विहिरीत सुटलेली कळशी दिसतेय का बघावं तशी. डांबरगोळ्यांचा वास ओटीभर पसरला. बाहेर मांडवाच्या मेढींना उंबराची पानं बांधणाऱ्या बायकांचं हसणं चालूच होतं. ओटीवर हळकुंडं निवडायला बसलेल्या दोघी सुनांचे हात मात्र थांबले.

“लुगडं कुठाय?”

फुईने हे कोणाला विचारलं ते कळलं नाही. पेटीलाच विचारल्यासारखं वाटलं.

बुधीबाई म्हणजे घरकर्त्या बारक्याची थोरली बहीण, त्याच्या पोरांची फुई, म्हणजे आत्या. रानशेतच्या पाड्यांत ती धवलेरी. लग्नाची गाणी तिच्या तोंडून सुटल्याशिवाय इकडे हळद वाटत नाहीत की नवरा-नवरीला समोरासमोर उभं करत नाहीत. भावाच्या घरात तिचा शब्द देवाच्या शब्दाच्या खालोखाल, आणि भाऊ गप्प बसणारा असल्यामुळे कधी कधी वरचढही. गेल्या पावसाळ्यात बारक्याची बायको नवशी गेली, तेव्हा बाराव्याला तिची सगळी कापडं नदीवर गेली होती. एक लुगडं तेवढं फुईने मागे ठेवलं. नवशी स्वतःच्या हळदीला नेसली होती ते. या घरात लेकीला हळदीला बसवताना पाटावर आईच्या हळदीचं लुगडं अंथरतात. आई समोर उभी असली तरी अंथरतात, आणि आई नसली तर मग लुगडंच आई. जाताना नवशी एवढंच बोलली होती, की दक्षाच्या हळदीला माझं लुगडं असू द्या.

आज संध्याकाळी त्या लेकीची, दक्षाची, हळद होती.

“खाली सरकलं असेल,” थोरली सून सुषमा म्हणाली. तिने पेटीत कोपरापर्यंत हात घातला, घोंगडी बाहेर काढली, झटकली, पुन्हा आत बघितलं. मग तिने मान वळवली ती सरळ धाकट्या जावेकडे. “पेटीला कुलूप नाय. आणि गावाची फाटकी कापडं गोळा करणारी या घरात एकच हाय.”

योगिताची बोटं मांडीवर हलत होती. ती तिची खोडच. हातात आकडी नसली, सूत नसलं, तरी अंगठा आणि तर्जनी आपली साखळी घालत राहायची, एकातून एक फासा, एकातून एक फासा. झरीहून ती या घरात सून म्हणून आली तेव्हा माहेरून भांड्यांबरोबर क्रोशाच्या आकड्यांची पुरचुंडी घेऊन आली होती. तलासरीला बचत गटाच्या बायकांत ती विणायला शिकली होती. जुन्या साड्या, लुंग्या, शाळेचे विटलेले गणवेश, काय मिळेल त्याच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि जाड आकडीने त्या पट्ट्याच विणायच्या. तिचा नवरा उमेश हद्दीपलीकडे गुजरातेत सुताच्या कारखान्यात कामाला. तिथे रिळाच्या कोनावर उरलेलं, फेकायला काढलेलं सूत तो पिशवीत भरून आणायचा, त्याची झालर. पायपुसणी, पिशव्या, आणि सगळ्यांत जास्त खपायची ती ट्रकच्या सीटवर टाकायची आसनं.

कापडं तिला घरोघर मागावी लागत नसत. पण कोणी हातातही देत नसे. अंगावर वापरलेलं कापड दुसऱ्याच्या हातात ठेवणं पाड्यावर वाईट समजतात. तसं ते फक्त मयताच्या घरी ठेवतात. म्हणून बायका येता-जाता परसातल्या कुंपणावर कापड टाकून जायच्या. योगिता ते उचलायची. कोणाचं, कशाला टाकलं, हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणाला तरी आपल्या फाटक्याची लाज वाटली असती.

“कसं होतं, फुई?” तिने आता विचारलं. 

“हिरवं. बारीक लाल काठ. पदरापाशी हळद लागलेली.” फुईने पेटीचं झाकण लावलं. “तू कुठनं बघशील? तू आलीस तेव्हापासून ते पेटीतच.”

योगिताच्या बोटांची साखळी थांबली. हिरवं, बारीक काठाचं, धुऊन धुऊन पाण्यासारखं मऊ झालेलं. आकडीवर कसं सुळसुळत आलं होतं. विणताना तिला वाटलं होतं, हे कोणी नेसलं असेल ती बाई चालताना आवाज करत नसेल. पदराकडचा पिवळा डाग तिला वरणाचा वाटला होता.

“मी विणलं त्याचं,” ती म्हणाली.

हळकुंडांच्या सुपावर माशी बसली होती, ती कोणी हाकलली नाही.

“काय विणलंस?”

“आसन. कुंपणावर होतं फुई, मला वाटलं कोणी टाकून गेलं. हिरूच्या टपरीवर दिलं, अच्छाडला. बाकीच्या आसनांबरोबर.”

“ट्रकवाल्यांना,” सुषमा हळूच म्हणाली. मग ओटीच्या कडेपर्यंत गेली आणि बाहेर ऐकू जाईल अशी बोलली, “ऐकलं का? आमच्या सासूवर कुठला तरी ट्रकवाला बसलाय.”

अंगणातलं हसणं तुटलं. मेढीवर चढलेली रूपी पानांची जुडी हातात धरून तशीच राहिली. पुढचं सगळं एकदम आणि सगळ्या बाजूंनी झालं. सुषमाचा नवरा संदीप गोठ्याकडून आला आणि त्याने तेच काढलं जे तो शिमग्यापासून अधूनमधून काढत होता, की घर हे घर आहे, भंगाराची वखार नाही, लग्न पार पडलं की चुली वेगळ्या करू, ज्याने त्याने आपल्या दारात काय ती लक्तरं टांगावीत. उमेशने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फुईने हात वर केल्यावर मिटलं. दक्षा आतल्या दाराशी उभी होती. तिने कोणाचीही बाजू घेतली नाही, आणि तेच योगिताला जास्त लागलं. एरवी ही नणंद तिच्या पाठीशी पाठ लावून बसायची, पट्ट्यांचे गुंडे करून द्यायची.

“हिचा हात दक्षाच्या हळदीला लागायचा नाय,” सुषमा म्हणाली.

हे नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. पहिली हळद धाकट्या सुनेने लावायची, हा या घराचा मान. मानापासून बाजूला झालेली सून मग कुठल्याच सणाला पुढे येत नाही. ती घरात राहते, पण पाहुणीसारखी, नाहीतर कामवालीसारखी. सगळ्यांनी फुईकडे पाहिलं. फुई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पेटीवर तळवा ठेवून बसली.

बोलला तो बारक्या. सकाळपासून तो अंगणाच्या टोकाला बांबू तासत होता, कोयता थांबवून त्याने वर पाहिलं.

“उमेश, गाडी काढ.”

*

उमेश आणि योगिता चारोटीला हायवेला लागले. पुढे महालक्ष्मीचा डोंगर उन्हात पांढुरका दिसत होता. चैत्र लागला होता, हवा तव्यावरून आल्यासारखी अंगावर येत होती, आणि बाजूने ट्रक गेला की मोटरसायकल हलायची. पुढच्या प्रत्येक ट्रकच्या उंच काचेतून आत बघायचा योगिता प्रयत्न करत होती. हिरवं दिसतंय का. एका केबिनमध्ये हिरवं दिसलं तेव्हा तिने उमेशचा खांदा इतका घट्ट धरला, की तो कळवळला. तो नुसता टॉवेल होता.

तिचं डोकं मागे मागे जात होतं. लुगडं तिला कुंपणावर मिळालं ते कोणत्या दिवशी? घर सारवायला काढलं होतं, त्या दिवशी. लग्नासाठी भिंती सारवायच्या म्हणून सगळं घर अंगणात आलं होतं, कणग्या, भांडी, देव्हारा. पेटी बाहेर कोणी आणली होती? पेटी सुषमाच्या खोलीत असते. तिने ती स्वतः उचलली होती, बाकी कोणाला हात लावू दिला नव्हता. आणि त्याच दुपारी कुंपणावर, तारेच्या अगदी मधोमध, हिरवं लुगडं नीट पसरून टाकलेलं होतं. टाकून दिलेलं कापड कोणी असं चारी टोकं ओढून पसरतं का? ते ऊन द्यायला घातलं होतं.

“उमेश.”

“काय?”

“ते सुषमाबायनेच घातलं होतं कुंपणावर. गोळ्यांचा वास जावा म्हणून.”

उमेशने गाडी बाजूला घेतली. तो तापट नव्हता, पण आता त्याच्या कानशिलावरची शीर दिसत होती. “मग तिथंच का नाय बोललीस?”

“तिथं आठवलं नाय.”

“आता परत गेल्यावर बोल. सगळ्यांसमोर. मी हाय.”

“बोलून काय होणार? लुगडं सांधणार हाय का?”

“तुझं नाव तर सुटेल.”

“आणि तिचं अडकेल. लग्नघरात.” ती स्वतःशीच बोलल्यासारखी पुढे म्हणाली, “तिला आठवत असेल का रे? का ती पण विसरली असेल?”

 उमेशने किक मारली. तलासरी मागे पडता पडता झरीचा फाटा आला आणि योगिताचं अंग आपोआप डावीकडे वळलं. तिकडे तिची आय असेल, दुपारची नागलीची भाकरी झाली असेल, कोणी तिला काही विचारणार नाही. उमेशला ते कळलं असावं. त्याने गाडीचा वेग कमी केला आणि वाट पाहिली. तिने त्याच्या पाठीवर बोट टेकवलं. पुढे.

अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. हिरूची टपरी म्हणजे वर पत्रा, खाली चहा, आणि बांबूला टांगलेली योगिताची आसनं, लाल, निळी, शाळेच्या खाकीतली. हिरव्याची जागा रिकामी होती. हिरूने आधी अभिमानाने सांगितलं, की तेच पहिलं गेलं, लोक म्हणतात काय नरम आहे. मग तिचा चेहरा बघून त्याने चहाचं पातेलं उतरवलं. घेणारा राजस्थानकडचा माणूस, संगमरवराची गाडी, आठवड्याला इकडून जातो. आज कुठे असेल काय माहीत. “थांब पण,” तो म्हणाला, आणि पंक्चरवाल्याकडे हाक मारली. “अरे, तो मिशावाला सकाळी टायर घेऊन आला होता ना?”

मिशावाला पंक्चरच्या दुकानामागे, आपल्याच ट्रकच्या सावलीत झोपला होता. आसन मात्र वर, केबिनमध्ये. योगिता पायरीवर चढून आत डोकावली. ते होतं. मधोमध दबलेलं, एका कडेला काळ्या ग्रिसाचं बोट उमटलेलं. त्याच्यावर देवाचा फोटो नि तंबाखूची पुडी. तिने हात लावला नाही. खाली उतरली आणि उमेशला म्हणाली, तूच उठव.

माणूस उठला, त्याने ऐकलं, आणि नाही म्हणाला. त्याची कंबर गेली होती. कित्येक वर्षं तो रबरावर बसून गाडी चालवत होता आणि या आसनावर बसल्यापासून पहिल्यांदा त्याची झोप पाठदुखीने मोडली नव्हती. उमेश हिंदीत समजावत होता, हिरू मध्ये बोलत होता, निळं घे, लाल घे, दोन घे. माणूस मान हलवत होता. वस्तू विकली की विकली.

शेवटी योगिताच बोलली. तिची हिंदी बाजारापुरती होती.

“भैया, वो मेरी सास का है. उनकी हल्दी का. वो नहीं रही. आज उनकी बेटी की हल्दी है.”

 माणसाने दोन्ही कानांना हात लावला.

“और मैं इस पे बैठा रहा?” तो वर चढला. फोटो काढून कपाळाला लावला, तंबाखू खिशात टाकली, आणि आसन दोन्ही तळव्यांवर घेऊन खाली उतरला, नैवेद्याचं ताट आणावं तसं. “माँजी को बोलना, माफ़ करें. बहुत आराम दिया उन्होंने.”

त्याने बदली निळं घेतलं. कुरकुर न करता.

*

परत येईपर्यंत ऊन कलतीला लागलं होतं. लांबूनच तारप्याचा सूर आला आणि योगिताला वाटलं, म्हणजे बायका बसल्या, म्हणजे आपल्याविना सुरू झालं. पण अंगणात शिरल्यावर दिसलं, की तारपेवाला नुसता सूर लावून बघतोय, बाकी सगळं थांबलेलं आहे. पाट मांडलेला होता, रिकामा. हळदीची परात सुषमाच्या मांडीवर होती. दक्षा मांडवाच्या तोंडाशी उभी, आणि फुई मेढीला टेकून डोळे मिटून गुणगुणत होती,

“चार मेढींचा मांडव, पाचवी मेढ बाप,
आय माझी सावली गं, तिला नाही माप.”

योगिताने आसन पिशवीतून काढलं. बायका पुढे झुकल्या. सुषमाने ग्रिसाचं बोट आधी पाहिलं.

“हे पाटावर ठेवणार? डिझेलचा वास मारतोय.”

फुईने आसन हातात घेतलं. तिची नजर आता अधू झाली होती, ती बोटांनी बघायची. कडेची पिवळ्या सुताची झालर, मग आतले जाड टाके, खांबाशेजारी खांब. तिने एकेक टाका चाचपला.

“फाडलंस की कापलंस?”

योगिताला प्रश्नातली धार कळली. कापड फाडतात ते मयतासाठी. फाडलेलं कापड मांडवात येत नाही.

“कापलं, फुई.”

“तुकडे केलेस?”

“नाय. तुकडे नाय करत मी.” तिची बोटं हवेत चालू लागली. “एका टोकाकडनं कातर घालते, लांबीने जाते, पण पार जात नाय. बोटभर राखते आणि वळते. परत त्या टोकाला बोटभर राखते आणि वळते. तुकडे केले तर गाठी माराव्या लागतात. गाठी टोचतात, माणूस दिवसभर बसतो त्याच्यावर.”

“म्हणजे कुठंच तुटलं नाय.”

“कुठंच नाय.”

“एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवशीचं लुगडं एकच हाय?”

“एकच, फुई. फक्त लांब झालंय.”

कोणी तरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. संदीप म्हणाला, की एक असलं तरी ते लुगडं राहिलं नाही, हे असलं बूड टेकायचं आसन पाटावर ठेवून पाहुण्यांना काय सांगायचं. रूपी म्हणाली, मग काय पाट उघडा ठेवायचा? एका म्हातारीने विचारलं, दुसऱ्या कोणाच्या आईचं नाही का चालणार. बोलणं पुन्हा चहूकडे फुटायला लागलं. उमेश योगिताकडे बघत होता, बोल म्हणून. ती सुषमाकडे बघत होती. सुषमा हळदीकडे.

त्या सगळ्यांत दक्षाचा आवाज बारीक आला.

“वयनी, डाग कुठाय?”

“कसला?”

“आयच्या हळदीचा. त्याच्यात हाय ना?”

“असेल. आत गेलाय विणीत.”

“मला बघायचाय.” ती पुढे आली. लग्नाची मुलगी, पण तोंड आता शाळेतल्या पोरीचं दिसत होतं. “उसव ना. मला तेवढाच बघायचाय.”

योगिताने फुईकडे पाहिलं. फुईने आसन तिच्या हातात परत दिलं.

झालर आधी निघाली, पिवळं सूत सर्रकन सुटलं. मग तिने शेवटचा टाका शोधला. विणणारीला तो डोळे मिटून सापडतो. क्रोशाचं काम कितीही घट्ट असो, शेवटचा फासा सोडला की सगळं ओढीला येतं. तिने फासा मोकळा केला आणि पट्टीचं टोक दक्षाच्या हातात दिलं.

“धर. सोडू नको.”

“आणि खाली पडू देऊ नका,” फुई म्हणाली. “लुगडं हाय ते.”

योगिता एक पाऊल मागे सरली. एक टाका सुटला, दुसरा सुटला. पट्टी ताणली जाईल एवढं ती मागे मागे जात राहिली आणि आसन तिच्या हातात सुटत राहिलं. मुडपलेली, सुरकुतलेली हिरवी पट्टी, कडेला कुठे लाल काठाची रेघ. मधे झोळ पडायला लागला तशी रूपीने हात पुढे करून पट्टी वर उचलली. मग तिच्यापुढच्या बाईने. डाग अजून आला नव्हता. योगिता मांडवाच्या दुसऱ्या मेढीपर्यंत पोचली, आता थांबावं का म्हणून तिने मान वर केली.

“मांडवाला सूत गुंडाळायचंच असतं,” फुई म्हणाली. “थांबतेस काय? चाल.”

आणि तिने गाणं उचललं. बायकांनी तिच्या मागून. योगिता मांडव ओलांडून घराच्या भिंतीकडे वळली, आणि तिथे पहिला डाग आला.

हळद. इतक्या वर्षांनी, इतक्या धुण्यांनंतर फिकट पडलेली, पण हळदच. बोटभर जागा पिवळी. “आला!” कोणी तरी म्हणालं आणि तो शब्द बायकांच्या रांगेतून मागे दक्षापर्यंत गेला. थोडं पुढे गेल्यावर दुसरा आला. मग लांबच लांब हिरवं, आणि मग पुन्हा दोन डाग जवळजवळ. योगिताला कळलं. पट्टी पदरापर्यंत जाऊन वळली होती, म्हणून प्रत्येक वळणाला नवशीची हळद दोनदा लागत होती. एका ठिकाणी होती ती आता किती ठिकाणी झाली होती.

ती घराच्या मागे गेली. सुषमाच्या खोलीची खिडकी, आपल्या खोलीची खिडकी. बायका कमी पडल्या तशी पुरुषांनी हात दिला. संदीप गोठ्याच्या कोपऱ्यावर उभा होता. पट्टी त्याच्यासमोर आली तेव्हा तो जरा घुटमळला, मग त्याने ती खांद्यावर घेतली, कावड घेतात तशी. बारक्याच्या हातात आली तिथे डाग होता. त्याने अंगठा त्या डागावर ठेवला आणि काढला नाही. परसाच्या कुंपणाशी, जिथे ते लुगडं त्या दिवशी पसरलेलं होतं, तिथे कोणीच नव्हतं. योगिताने पट्टी तारेवरून घेतली आणि पुढे निघाली. आसन आता तळव्याएवढं उरलं होतं. ग्रिसाचं बोट सुटून कधीच मागे गेलं होतं, हिरव्यात विरून.

सगळं घर, गोठा, मांडव फिरून ती पुन्हा पुढच्या अंगणात आली. समोर दक्षा पहिलं टोक धरून उभी होती. योगिताच्या हातातून शेवटची साखळी सुटली, आणि हातात नुसतं टोक उरलं. दक्षाच्या टोकापर्यंत पट्टी पोचली नव्हती. मधे एक माणूस जाईल एवढी जागा राहिली.

“कमी पडलं,” रूपी म्हणाली.

फुईने गाणं थांबवलं. बायकांत कुजबुज झाली, अपुरं राहणं बरं नाही. उमेश म्हणाला, पिशवीत कोनाचं सूत आहे, पिवळं, जोडून टाकू. योगिताची बोटं पुन्हा चाळवली. गाठ मारावी लागेल. इतकं सगळं करून शेवटी एक गाठ.

“नको.”

सुषमा उठली होती. परात तिच्या हातात होती आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे गेल्यावर ती थोडी अडखळली. मग म्हणाली, “जोडू नका. दार नको का घराला? पोरगी जायची कुठनं?”

 फुईने मान हलवली, एकदाच, आणि तेवढं पुरलं.

सुषमा योगिताजवळ आली. परात तिने खाली ठेवली आणि योगिताच्या हातातलं टोक घेतलं. पट्टीला योगिताच्या घामाने ओल आली होती. तिचा आवाज फक्त योगितालाच ऐकू गेला.

“त्या दिवशी ऊन कडक होतं. वास लवकर जाईल असं वाटलं मला. मग चुलीवर दूध उतू गेलं, आणि मी विसरलेच.”

“हो बाय.”

“तू बोलली का नाय मघाशी?”

योगिताने पाटाकडे पाहिलं. मांडवात, पाटावर, दक्षा येऊन बसली होती. पाट उघडाच होता, लुगडं आता सगळ्या घराभोवती होतं. तिचं टोक आता रूपीने धरलं होतं. फुईने गाणं पुन्हा उचललं, वरच्या सुरात, आणि तारपा त्याच्या मागोमाग आला. सुषमाने ते टोक आपल्या मनगटाला एकदा वेढलं, घट्ट, आणि दुसऱ्या हाताने परात जावेकडे सरकवली.

“जा, पहिली हळद लाव. मी धरलंय.”